पेन्सिलची रेघ, हलणारी वायर आणि रेनॉल्ड जॉन्सन

हा लेख एका माणसाच्या आयुष्यावर आहे, पण सुरुवात मला लोह्यातल्या आमच्या दादाच्या झेरॉक्सच्या दुकानातून करावी लागेल. तिथल्या एका कॉम्प्युटरमुळेच मी या माणसाबद्दल रात्रभर वाचत बसलो.

झालं असं, की माळेगावच्या यात्रेला म्हणून मी पुण्याहून घरी आलो होतो. बॅग खाली ठेवतो न ठेवतो तोच दादाचा निरोप आला, की दुकानातल्या कॉम्प्युटरचं डी ड्राइव्ह मधूनच गायब व्हायलंय. कधी अर्ध्या मिनिटात आपोआप परत येतं, कधी रिस्टार्ट मारल्याशिवाय दिसतच नाही. दादा म्हणजे माझा चुलत भाऊ. दुकानात झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म आणि लग्नाचे फोटो अशी तिन्ही कामं चालतात. डी ड्राइव्हमध्ये सात वर्षांचं सगळं होतं: पोरांच्या फॉर्मसोबत लावलेली स्कॅन केलेली कागदपत्रं, अजून पेनड्राइव्हवर न दिलेले तीन लग्नांचे फोटो, आणि एका फोल्डरमध्ये काकांचे फोटो. काका दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांचे बरेचसे फोटो फक्त त्या एकाच ड्राइव्हवर आहेत, हे दादाने मला अगदी सहज सांगितलं. माझ्या मात्र पोटात गोळा आला.

मी सॉफ्टवेअरवाला. नांदेडला इंजिनिअरिंग केलं, आता पुण्यात कोड लिहितो. गावात मात्र इंजिनिअर म्हटलं की प्रिंटरपासून बोअरच्या स्टार्टरपर्यंत सगळं आपल्याला यायला पाहिजे असा समज असतो. माझा पहिला अंदाज सरळ होता: सात वर्षांची हार्ड डिस्क आहे, तिचा शेवट जवळ आलाय, नवीन घ्यावी लागेल. हा अंदाज चुकीचा निघाला, ते पुढे सांगतो. पण त्या अंदाजामुळे एक काम योग्य क्रमाने झालं. कशालाही हात लावायच्या आधी मी बॅकअप घ्यायला बसलो.

तुमच्याकडे असं कधी झालं तर तुम्हीही हेच करा. ड्राइव्ह दिसतंय तोवर आधी महत्त्वाचं फोल्डर, मग बाकीचं. स्कॅन डिस्क, डीफ्रॅग, फॉरमॅट यातलं काहीही आधी करू नका. साधं कॉपी-पेस्ट मध्येच तुटलं की कुठपर्यंत आलं होतं ते कळत नाही, म्हणून मी विंडोजमधलीच रोबोकॉपी कमांड वापरली. ती परत चालवली की झालेल्या फाइल सोडून उरलेल्या घेते. काकांचं फोल्डर सगळ्यात आधी घेतलं. साधारण ४०० जीबी माल होता आणि बाहेरची डिस्क लावायला यूएसबी २ चं पोर्ट, म्हणजे सेकंदाला जेमतेम ३० एमबी. चार तास कुठे गेले नाहीत. दादाने शटर अर्धं ओढलं, मशीन बंद केलं आणि घरी गेला. मी मोबाइल काढून वाचत बसलो, की ही हार्ड डिस्क नावाची वस्तू पहिल्यांदा बनवली तरी कोणी.

तिथे रेनॉल्ड जॉन्सन भेटले.

जन्म १६ जुलै १९०६, अमेरिकेतलं मिनेसोटा राज्य. घराणं मूळचं स्वीडनचं. त्यांच्या लहानपणीचा एक किस्सा नेहमी सांगितला जातो, आणि मला तो फार आवडला. बहिणीला फिरायला न्यायला पोरं मोटार घेऊन यायची. रेनॉल्ड हळूच बॉनेट उघडून स्पार्क प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर पेन्सिलने रेघ ओढून ठेवायचे. मग गाडी काही केल्या सुरू व्हायची नाही.

यामागचं विज्ञान साधं आहे. पेन्सिलीत ग्राफाइट असतं आणि ग्राफाइटमधून वीज वाहते. प्लगच्या टोकाशी ठिणगी पडायची तर तिथे हजारो व्होल्टचा दाब तयार व्हावा लागतो. चिनीमाती वीज अडवते म्हणूनच तो दाब टिकतो. तिच्यावर ग्राफाइटची वाट काढून दिली की वीज त्या चोरवाटेने इंजिनच्या लोखंडात उतरते आणि आत ठिणगी पडत नाही. बाहेरून बघणाऱ्याला प्लग ठीक, वायर ठीक, पेट्रोल ठीक. अख्ख्या मोटारीत बिघाड एवढाच, की एक रेघ. बिचारे पोरगे काय काय खोलून बघत असतील, कल्पना करा!

पुढे जॉन्सन यांनी मिनेसोटा विद्यापीठातून १९२९ मध्ये पदवी घेतली. पदवी शिक्षण प्रशासनाची, इंजिनिअरिंगची नव्हे. त्याच वर्षी अमेरिकेत शेअर बाजार कोसळला आणि महामंदी सुरू झाली. जॉन्सन मिशिगनमधल्या आयर्नवूड या खाणींच्या गावात हायस्कूलवर विज्ञान शिकवू लागले. मास्तरांना जगात सगळ्यात जास्त कंटाळा कशाचा, हे आपल्यापैकी ज्यांच्या घरात शिक्षक आहेत त्यांना विचारायला नको. पेपर तपासायचा. जॉन्सन यांनाही तो होताच, आणि त्यांना ती स्पार्क प्लगवरची रेघ आठवली. पेन्सिलीच्या रेघेतून वीज जात असेल, तर मुलाने उत्तरासमोर ओढलेली रेघ यंत्राला वाचता का येऊ नये?

कल्पना सोपी वाटते, करायला गेलं की अडचण दिसते. एक पोरगं पेन्सिल दाबून ओढतं, दुसरं नुसतं टेकवतं. रेघ गडद तर वीज जास्त, फिकट तर कमी. मग दोघांची उत्तरं बरोबर असली तरी काटा वेगवेगळा हलणार. यावरचा उपाय असा की रेघेच्या वाटेत मुद्दाम एक खूप मोठा रोध बसवायचा. आकड्यात बघू. समजा गडद रेघेचा रोध १० हजार ओहम आहे आणि फिकट रेघेचा ५० हजार. पाचपट फरक. आता दोन्हीच्या वाटेत १० लाख ओहमचा रेझिस्टर घाला. एकूण झाले १० लाख १० हजार आणि १० लाख ५० हजार. फरक उरला साधारण चार टक्के. रेघ कशीही असो, प्रत्येक बरोबर उत्तराची वीज जवळपास सारखी. मग त्या सगळ्यांची बेरीज एका मीटरच्या काट्यावर दाखवायची, काटा जिथे थांबेल ते मार्क. पोरांचे हात सारखे करत बसण्यापेक्षा हे फारच स्वस्तातलं काम. मी कोड लिहिताना युजरने डेटा नीटच भरावा अशी अपेक्षा ठेवून किती वेळा तोंडावर पडलोय, ते जाऊ द्या.

त्यांनी हे यंत्र आयबीएमला दाखवलं तेव्हा आधी नकारच मिळाला. कोलंबिया विद्यापीठाचे बेन वूड नावाचे प्राध्यापक मात्र अशाच यंत्राच्या शोधात होते, त्यांनी पाठपुरावा केला. १९३४ मध्ये आयबीएमने जॉन्सन यांचे हक्क विकत घेतले आणि त्यांनाच न्यूयॉर्क राज्यातल्या एन्डिकॉट इथल्या प्रयोगशाळेत नोकरीवर घेतलं. मंदीच्या काळात एका शाळामास्तराला. १९३७ पासून हे यंत्र आयबीएम ८०५ या नावाने बाजारात आलं. सरावलेला माणूस त्यावर तासाला सुमारे ८०० उत्तरपत्रिका तपासायचा.

आता लातूर-नांदेडकडच्या वाचकांना हे यंत्र कोणाचं पूर्वज आहे ते सांगायला हवं का? लातूर पॅटर्न म्हणा, नांदेडचे क्लासेस म्हणा, आपल्या भागातली निम्मी पोरं गोळे काळे करत करत मोठी होतात. नीटची ओएमआर शीट आणि जॉन्सन यांची उत्तरपत्रिका एकाच कुळातल्या. एक फरक आहे. आताचं ओएमआर मशीन प्रकाश टाकून काळं कुठे आहे ते बघतं, म्हणून बॉलपेन चालतो. जॉन्सन यांचं यंत्र वीज पाठवून बघायचं, त्यामुळे तिथे मऊ ग्राफाइटची पेन्सिलच पाहिजे. बॉलपेनच्या शाईतून वीज जाणार नाही, सगळी उत्तरं कोरी! दादाच्या दुकानातून दरवर्षी कितीतरी पोरांचे नीटचे फॉर्म जातात. त्या पोरांचे मार्क मोजायची मूळ कल्पना आणि त्यांचे कागद ठेवलेली डिस्क या दोन्हींच्या मागे एकच माणूस आहे, हे मला त्या रात्री अडीचच्या सुमारास कळलं, आणि सांगायला समोर कोणी नव्हतं.

पेन्सिलीच्या खुणांचं काम पुढे वाढत गेलं. खुणा केलेलं कार्ड मशीनमध्ये घातलं की तेच कार्ड आपोआप पंच होऊन निघेल, अशी व्यवस्था त्यांनी केली. गोदामातल्या कामगाराला टायपिंगचं यंत्र यायची गरज नाही, हातात पेन्सिल असली की झालं. एन्डिकॉटमध्ये त्यांची वर्षं या कामांत गेली.

कॉपी पहाटे संपली. चार तासांत ड्राइव्ह एकदाही गायब झालं नाही. तेव्हा मला ते फक्त नशीब वाटलं. त्यात सगळा सुगावा होता हे माझ्या डोक्यात यायला दुसरा दिवस उजाडावा लागला.

सकाळी क्रिस्टलडिस्कइन्फो टाकून ड्राइव्हचा स्मार्ट रिपोर्ट पाहिला. हार्ड डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद स्वतःच ठेवते, तोच हा रिपोर्ट. त्यात मी आधी तीन ओळी बघतो: रिअलोकेटेड सेक्टर, पेंडिंग सेक्टर आणि अनकरेक्टेबल सेक्टर. हे आकडे वाढत असतील तर प्लेट खराब होतेय, डिस्क बदला, वाद नको. इथे तिन्ही शून्य. चौथी ओळ यूडीएमए सीआरसी एरर, म्हणजे डिस्क आणि मदरबोर्डच्या मधल्या केबलमध्ये डेटा बिघडला तर वाढणारा आकडा. तो होता ३. हा आकडा कधी मागे येत नाही, त्यामुळे नुसता ३ बघून काही ठरवायचं नसतं. बिघाडाच्या आधी किती आणि नंतर किती, ते बघायचं. (हे सॉफ्टवेअर कच्चे आकडे हेक्समध्ये दाखवतं, सेटिंगमधून दशमान करून घ्या, नाहीतर १० दिसलं की ते १६ असतं.)

माझा धीर कुठला निघायला. मी साटाची डेटा केबल बदलली, पोर्ट बदललं, दोन तास बघितलं, सगळं ठीक. दादाला झालं म्हणून सांगितलं आणि घरी जाऊन भाकरी खाल्ली. परत आलो तर दादा तोंड पाडून बसलेला. ड्राइव्ह पुन्हा गेलं होतं. त्याचं स्वतःचं मत असं होतं, की झेरॉक्स मशीन चालू झालं की लाइट डिम होतो आणि त्यानेच ड्राइव्ह जातं. मी ते उडवून लावलं, कारण कॉम्प्युटर यूपीएसवर आहे आणि व्होल्टेजने जायचं तर अख्खा कॉम्प्युटर बंद पडेल, एकटी डी ड्राइव्ह कशी जाईल?

दादाचं निम्मं बरोबर होतं. पण आधी जॉन्सन यांचं पुढचं सांगतो, कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

१९५२ मध्ये आयबीएमने त्यांना कॅलिफोर्नियात सॅन होजे इथे नवीन प्रयोगशाळा काढायला पाठवलं. आज त्या भागाला सिलिकॉन व्हॅली म्हणतात. तेव्हा तिथे जर्दाळू आणि आलुबुखाराच्या बागा होत्या. ९९, नोत्र दाम अव्हेन्यू या पत्त्यावर भाड्याची एक इमारत, मोजकी माणसं आणि काय शोधायचं याची बरीच मोकळीक. जॉन्सन यांचं वय तेव्हा पंचेचाळीस. इंजिनिअरिंगची पदवी नसलेला हा माणूस इंजिनिअरांचा साहेब झाला होता.

अडचण कोणती होती ते समजून घेऊ. तेव्हा माहिती पंच केलेल्या कार्डांवर नाहीतर चुंबकीय टेपवर असायची. कार्डं म्हणजे तलाठ्याच्या जुन्या दप्तरातले गठ्ठे. एक नोंद पाहिजे तर माणसाने हाताने गठ्ठा काढायचा, कार्ड शोधायचं, काम झालं की परत त्याच जागी ठेवायचं. टेप म्हणजे भजनाची कॅसेट. सातवं भजन ऐकायचं तर आधीची सहा गुंडाळून पुढे जावं लागतं. म्हणून हिशेब साठवून ठेवायचे आणि सगळे एकदम, क्रमाने मशीनमधून काढायचे. गोदामात आत्ता किती माल शिल्लक आहे याचं उत्तर आत्ता मिळायचं नाही. अमेरिकन वायुदलाच्या भांडारालाही हीच डोकेदुखी होती. पाहिजे ती नोंद, पाहिजे तेव्हा, थेट. एवढंच हवं होतं.

जॉन्सन यांच्या लोकांनी सगळे पर्याय मांडले. चुंबकीय पिंप, तारा, दांड्या, पट्ट्या, टेपचे तुकडे. पिंपाला फक्त बाहेरचा पृष्ठभाग असतो, आतली जागा वाया जाते. तबकड्या एकावर एक रचल्या तर थोड्या जागेत खूप पृष्ठभाग मिळतो. शंका घेणारे बरेच होते, पण जॉन्सन यांनी तबकड्यांच्या बाजूने कौल दिला आणि बाकीचे पर्याय बाजूला ठेवले. माझ्या मते त्यांचं मोठं काम हेच. त्या यंत्रातला एकेक भाग दुसऱ्यांनी सोडवला, कुठला रस्ता धरायचा ते त्यांनी ठरवलं.

आणि भाग सोडवणं काही सोपं नव्हतं. चोवीस इंचाची ॲल्युमिनियमची तबकडी, म्हणजे आपल्या घरातल्या मोठ्या परातीपेक्षाही मोठी, मिनिटाला १२०० फेरे फिरणार. पातळ पत्रा तो, डुगडुगणारच. त्यावर वाचणारं डोकं, म्हणजे हेड, टेकलं तर पृष्ठभाग खरवडून निघणार, लांब राहिलं तर चुंबकीय खूण ओळखू येणार नाही. विल्यम गॉडर्ड यांनी हेडमधल्या बारीक छिद्रांतून दाबाची हवा सोडून त्याला तबकडीवर तरंगवलं, साधारण २० मायक्रॉनवर. केसाची जाडी याच्या तिप्पट-चौपट असते. तबकडी डुगडुगली की हवेची ती गादी हेडला तिच्यासोबत वरखाली करायची.

लोखंडाच्या ऑक्साइडचा लेप सगळीकडे सारखा बसवायचा हा दुसरा त्रास. ब्रशने नाही, फवाऱ्याने नाही. जेक हागोपियन यांनी रंग बायकांच्या मोज्याच्या तलम कापडातून गाळला, कागदी कपात घेतला आणि फिरत्या तबकडीच्या मध्याजवळ ओतला. बाकीचं काम फिरण्याने केलं. रंग आपोआप कडेपर्यंत सारखा पसरला. डोशाचं पीठ मध्ये ओतून पसरवतात तसंच, फक्त इथे पळी स्थिर आणि तवा फिरतोय.

फेब्रुवारी १९५४ मध्ये कार्डावरची माहिती तबकडीवर लिहून पुन्हा वाचता आली. सप्टेंबर १९५६ मध्ये आयबीएमने ३०५ रॅमॅक हे मशीन जाहीर केलं. त्यातलं डिस्कचं कपाट म्हणजे मॉडेल ३५०. पन्नास तबकड्या, पन्नास लाख अक्षरं, आजच्या हिशेबात चार एमबीसुद्धा नाही. वजन एक टनाच्या वर. सगळ्या तबकड्यांसाठी हेडची एकच जोडी: एका तबकडीतून बाहेर यायची, लिफ्टसारखी वर किंवा खाली जायची, दुसऱ्या तबकडीत शिरायची. नोंद गाठायला सरासरी अर्ध्या सेकंदापेक्षा थोडा जास्त वेळ. पूर्ण मशीनचं भाडं महिन्याला ३२०० डॉलर. दादाच्या मोबाइलमधला एक फोटो त्या कपाटात मावला नसता. पण अर्ध्या सेकंदात कुठलीही नोंद, हे त्याआधी कोणी पाहिलंच नव्हतं. १९५८ च्या ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात लोक या मशीनला इतिहासातलं साल विचारायचे आणि ते दहा भाषांपैकी हव्या त्या भाषेत उत्तर छापून द्यायचं. अशी हजाराहून जास्त मशीन बनली.

आता परत दुकानात.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कॅबिनेटचं झाकण काढून कान लावून बसलो. दादाने कुणाच्या तरी नोट्सच्या साठ पानांची झेरॉक्स काढायला घेतली. विसाव्या पानाच्या आसपास टक् असा आवाज आला, मोटर मंदावली आणि लगेच पुन्हा घुमायला लागली. स्क्रीनवरून डी ड्राइव्ह गेलेलं. हा आवाज लक्षात ठेवा मंडळी. नुसती डेटा केबल सैल असेल तर डिस्कची मोटर सहसा फिरत राहते. मोटर थांबून परत सुरू झाली, याचा अर्थ डिस्कला वीजच मिळाली नाही. खात्री करायला रिपोर्ट पुन्हा काढला. सीआरसी एरर तिथेच, ३. पण पॉवर ऑन काउंट, म्हणजे डिस्क किती वेळा चालू झाली तो आकडा, सकाळी २,९१४ होता तो २,९१६ झालेला. कॉम्प्युटर तर दिवसभर एकदाही बंद केला नव्हता. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टम लॉगला १५७ नंबरची नोंद होती, डिस्क अचानक काढली गेली अशा अर्थाची. कोणी काढली नव्हती.

वायर मागे मागे नेत बघितली. एसएमपीएसमधून आलेली जुनी चार पिनांची मोलेक्स वायर, तिला लावलेला एक स्वस्तातला स्प्लिटर, आणि स्प्लिटरचं साटा टोक डिस्कला. कधीतरी कोणीतरी वायर पुरत नाही म्हणून जोडलेला. मोलेक्सची एक पिन आतून फाकलेली आणि तिच्याभोवतीचं पांढरं प्लास्टिक पिवळं-तपकिरी पडलेलं. झेरॉक्स मशीन आणि कॅबिनेट एकाच टेबलावर. मशीन पानं ओढायला लागलं की टेबल थरथरायचं, टेबल थरथरलं की पिन हलायची. रात्री मशीन बंद होतं म्हणून माझी कॉपी विनातक्रार झाली. दादाने कारण म्हणून मशीनकडे बोट दाखवलं ते बरोबरच होतं, फक्त दोष व्होल्टेजचा नव्हता, हादऱ्याचा होता.

इथे मला जॉन्सन यांचं गणित उलटं करून बघावंसं वाटलं. त्यांच्या यंत्रात वीज अगदी थोडी, म्हणून रेघेच्या रोधातला हजारोंचा फरक मोठ्या रोधात बुडवता आला. इथे ते चालत नाही. डिस्कच्या इलेक्ट्रॉनिक्सला ५ व्होल्ट लागतात आणि ती साधारण ०.६ ॲम्पियर ओढतात. सैल पिनेचा रोध समजा फक्त अर्धा ओहम. ०.६ गुणिले ०.५, म्हणजे ०.३ व्होल्ट पिनेतच गेले, डिस्कला पोचले ४.७. पाच टक्के सूट धरली तर कमीत कमी ४.७५ पाहिजेत. अर्ध्या ओहमने खेळ संपला. मोटर सुरू होताना १२ व्होल्टच्या वायरीतून जवळपास २ ॲम्पियर जातात. तिथेही तेवढाच रोध असेल तर त्या पिनेवर २ वॅट उष्णता. प्लास्टिक तपकिरी का झालं ते यातून कळतं. ते अजून काही महिने तसंच राहिलं असतं तर नुसतं ड्राइव्ह गायब होण्यावर भागलं नसतं, असे स्प्लिटर वितळून जळाल्याचंही होतं.

दुरुस्तीला खर्च शून्य आला. एसएमपीएसमधून थेट आलेलं एक साटा पॉवरचं टोक डीव्हीडी रायटरला लावलेलं होतं. तो रायटर गेल्या कित्येक वर्षांत कोणी उघडला नव्हता. कॉम्प्युटर बंद केला, मेन स्विच काढला, ते टोक डिस्कला लावलं आणि स्प्लिटर कचऱ्यात. कॅबिनेट टेबलावरून खाली स्टुलावर घेतलं. मग दादाने चारशे पानांची झेरॉक्स काढली. पॉवर ऑन काउंट दुरुस्तीनंतर चालू केल्यावर २,९१७ झाला आणि तिथेच राहिला.

जॉन्सन १९७१ मध्ये आयबीएममधून निवृत्त झाले. नावावर नव्वदहून जास्त पेटंट. सोनीसोबतच्या एका कामात त्यांनी रुंद व्हिडिओ टेप अर्ध्या इंचावर आणून कॅसेटमध्ये बसवली, लहान मुलांनाही हाताळता यावी म्हणून. निवृत्तीनंतर पुन्हा मास्तर जागा झाला आणि त्यांनी मुलांच्या बोलक्या पुस्तकांसाठी छोटंसं ध्वनियंत्र बनवलं, जे फिशर-प्राइसच्या पुस्तकांत वापरलं गेलं. १९८६ मध्ये अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळालं. १५ सप्टेंबर १९९८ रोजी पालो आल्टो इथे ते वारले, वय ९२. माहिती साठवण्याच्या क्षेत्रातलं आयईईईचं पारितोषिक त्यांच्या नावाने दिलं जाऊ लागलं ते त्यांच्या हयातीतच.

त्यांच्या चमूतले अल होगलंड यांनी पुढे एक जुनं ३५० चं कपाट मिळवून सांता क्लारा विद्यापीठात दुरुस्त करायला घेतलं. आता ते माउंटन व्ह्यूच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये आहे, तबकड्या फिरतात, आणि त्यांच्यावरची पन्नास वर्षांहून जुनी माहिती वाचता आली.

मी पुण्याला निघालो त्या दिवशी दादाने बॅकअपची बाहेरची डिस्क दुकानात न ठेवता घरी काकूच्या कपाटात ठेवली. काकांच्या फोटोंची आणखी एक प्रत मी माझ्यासोबत आणली आहे.